ओल कळणारा गाल

कानाखाली गाठ आलेली असेल आणि स्वभाव माझ्यासारखा संशयी असेल, अशा माणसासाठी हे लिहितो आहे. साध्या स्वभावाच्या माणसाला याची गरज नाही. तो डॉक्टर सांगेल तसं करतो, बरा होतो आणि घरी जाऊन जेवतो. आमच्यासारख्यांना आजार एकदाच होतो, पण त्रास चारदा होतो.

मी नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर आहे. गाडी आली की कापूस बघायचा, धागा ओढायचा, कचरा किती ते सांगायचं आणि मुख्य म्हणजे ओल किती ते सांगायचं. वर पांढराशुभ्र कापूस आणि खाली पाणी मारलेला, असा माल मी तीस वर्षं बघत आलो. त्यामुळे कोणी काही चांगलं दाखवलं की माझा हात आपोआप त्याच्या तळाशी जातो. हा स्वभाव मला धंद्यानं दिला असं मी म्हणतो. माझी बायको सुशीला म्हणते की जन्मतःच तसे आहेत, धंदा उगाच बदनाम.

ओल बघायची माझी पद्धत अशी: गाडीच्या पोटातून मूठभर कापूस काढायचा आणि उजव्या कानाखाली, जबड्याचं हाड जिथं वळतं तिथं, टेकवायचा. ओला असला की गार लागतो. किती गार लागतो त्यावरून मी ओल सांगतो. जिनिंगमध्ये ओल मोजायचं मशीन आहे, पण शेतकऱ्यांच्या मते मशीन शेठचं, म्हणून ते शेठच्याच बाजूनं बोलणार. "मशीन राहू द्या भाऊ, गालाले लावा," असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि शेठही ते मानतात. बाजारात माझी जी काही पत आहे ती या दोन बोटं जागेवर उभी आहे. गाठ आली ती तिथंच.

न्हावी आणि पाकीट

पहिल्यांदा ती न्हाव्याच्या लक्षात आली. दाढी करता करता तो थांबला. "भाऊ, ह्या बाजूनं वस्तरा चढून राह्यला."

मला वाटलं, मागच्या खेपेला यानंच काही कापलं असणार आणि आता आधीच हात झटकतो आहे. मी न्हावी बदलला. दोन महिन्यांनी नव्या न्हाव्यानंही तेच सांगितलं, तेव्हा मला दोघं एकमेकांना सामील वाटले.

सुशीलानं बोट लावून पाहिलं आणि गालफुगी ठरवली. आठ दिवस हळदीचा गरम लेप झाला. गाल पिवळा झाला, गाठ होती तेवढीच राहिली. ती दुखत नव्हती. दुखत नाही ते वाईट, हे मी कुठंतरी ऐकलेलं होतं, त्यामुळे मी तिला दिवसातून चाळीसदा दाबून बघायचो. शेवटी धामणगाव बढ्याहून सुशीलाचा भाऊ गजानन आला. तो शाळेत क्लार्क आहे आणि कुठलाही फॉर्म दिसला की त्याला भरल्याशिवाय राहवत नाही. त्यानं मला मोटारसायकलवर घातलं आणि नांदुऱ्यातल्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरनं गाठ दाबली, डोळे मिटायला लावले, दात दाखवायला लावले. मग बुलढाण्याच्या सर्जनच्या नावे चिठ्ठी लिहून पाकिटात घातली आणि पाकीट डिंकानं बंद केलं. वर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही."

घाबरण्यासारखं नाही तर पाकीट बंद कशाला? घरी आल्यावर मी चहाच्या वाफेवर ते पाकीट उघडलं. अक्षर लागलं नाही. एवढंच दिसलं की शेवटच्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह आहे. त्या एका प्रश्नचिन्हानं माझी पाचावर धारण बसली. मी ते कोणाला सांगूही शकत नव्हतो, कारण पाकीट मी फोडायलाच नको होतं. भाताचं शीत लावून ते पुन्हा चिकटवलं.

पंजा

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्याला गेलो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. सर्जन पन्नाशीच्या आतले, हळू बोलणारे. त्यांनी पाकीट उघडलं, बोटाला लागलेलं वाळकं शीत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता ते पुसून टाकलं. मला ते आवडलं नाही. जो माणूस पकडूनही बोलत नाही त्याच्यापासून सांभाळून राहावं.

सुईनं गाठीतलं काढून तपासायला अकोल्याला पाठवलं. रिपोर्ट आला, "बहुतेक साधी गाठ." कॅन्सर नाही, पण काढलेली बरी, कारण ठेवली तर वाढते आणि पुढं बिघडू शकते. सगळं नीट समजावून सांगितलं त्यांनी. मी मात्र "बहुतेक"वर अडकलो. कापूस बहुतेक कोरडा आहे असं मी शेठला सांगितलं तर ते मला घरी पाठवतील.

मग सर्जननी स्वतःच्या हाताचा पंजा स्वतःच्या गालावर ठेवला. मनगट कानाखाली, पाच बोटं पसरलेली, एक कपाळाकडे, एक डोळ्याकडे, असं करत शेवटचं मानेकडे. "चेहरा हलवणारी नस अशी येते," ते म्हणाले. "कानाखालून निघते, लाळेच्या ग्रंथीच्या आतून जाते आणि अशी फाटते. तुमची गाठ या बोटांच्या मुळाशी, वरच बसलेली आहे. आधी नस शोधायची, ती सांभाळायची आणि मग गाठ काढायची. नसेला धक्का लागला तर डोळा मिटत नाही, तोंड वाकडं होतं. ते होऊ नये यासाठीच सगळी धडपड असते."

 माझ्या गालात असं काही झाड आहे हे मला त्रेपन्न-चोपन्न वर्षं माहीत नव्हतं.

"दुसरी एक नस आहे," त्यांनी कागदावर मानेपासून कानापर्यंत रेघ काढली. "हिच्यानं काही हलत नाही. ही नुसती कळवते. कानाची पाळी आणि जबड्याचा हा कोपरा, इथला स्पर्श, थंड, गरम. गाठीकडे जाताना ही वाटेतच येते. पुष्कळदा ती तोडावी लागते. मग तेवढा भाग बधिर राहतो. बहुतेकांना सवय होते. तुम्ही काम काय करता?"

मी म्हणालो, "शेती."

अगदी खोटं नव्हतं. तीन एकर आहे, धाकटा भाऊ वाहतो. पण सुशीलानं चटकन माझ्याकडे पाहिलं.

"मग बधिरपणा चालेल?"

"चालन. कानाच्या पाळीचं काय करायचं हाय?"

असं का बोललो ते सांगितलं पाहिजे, कारण सगळं पुढचं त्यावरच आहे. बाजारात ज्याची नड समोरच्याला कळली तो तिथंच दबला. बैल घ्यायला गेलेला माणूस ज्या बैलावर जीव जडला त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, शेजारच्याची चौकशी करतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. या माणसाला माझ्या गालाची किंमत कळली तर तो आणखी काहीतरी खर्च काढील, वेगळं मशीन म्हणेल, पुण्याचा डॉक्टर म्हणेल, असं मला वाटलं. शिवाय ग्रेडरचा गाल चिरणार ही बातमी घाटाखाली उतरायला वेळ लागत नाही. म्हणून मी गप्प बसलो. हीच एक गोष्ट त्या खोलीत मी सांगायला हवी होती.

बाहेर आल्यावर सुशीला म्हणाली, "काऊन खोटं बोलले हो?"

"तुले नाई समजत," मी म्हणालो.

काचेपलीकडे

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भरती झालो. गजाननच्या हाती फॉर्म लागला आणि तो खुशीत आला. संमतीपत्र मात्र मी स्वतः ओळ न ओळ वाचलं. त्यात चेहरा वाकडा होण्याची शक्यता लिहिली होती, डोळा उघडा राहण्याची लिहिली होती, आणि शेवटी लिहिलं होतं की मला सर्व समजलं आहे. मी नर्सला म्हटलं, "समजलं नाही." ती बिचारी डॉक्टरांना बोलवायला गेली, ते येऊन पुन्हा समजावून गेले. पुन्हा पंजा. मी सही केली. सही नेहमीसारखी आली नाही, तेव्हा गजाननला मी पेन खराब आहे असं म्हणालो.

सकाळी नर्सनं उजव्या बाजूला खूण केली. ती खूण पुसली गेली तर? ती गेल्यावर मी बॉलपेन घेतला आणि आरशात बघून डाव्या गालावर लिहिलं, "ही नाही." आरशात बघून लिहिल्यामुळे ते वेडंवाकडं आलं. नंतर कळलं की आतल्या लोकांनी ते वाचून खूप हसून घेतलं. पण तुम्हाला सांगतो, मला त्याची आजही लाज वाटत नाही.

लाज वाटते ती त्यानंतरच्या गोष्टीची.

खाटेवरून मला दरवाज्याच्या काचेतून व्हरांडा दिसत होता. सुशीला सर्जनशी बोलत उभी होती. एकटी. तिनं आपला हात कानाखाली नेला, जबड्याशी टेकवला, पुन्हा टेकवला. डॉक्टरांनी काहीतरी विचारलं, ती मान हलवत राहिली. मग तिनं पदरानं डोळे पुसले. डॉक्टर आत वळले आणि ती खोलीत आली.

"काय म्हणत होते?" मी विचारलं.

"काई नाई. किती वेळ लागन ते इचारलं."

"मंग रडली काऊन?"

"कुठं रडली? डोळ्यात गेलं काईतरी."

तेव्हा माझी खात्री झाली. "बहुतेक"च्या आतला माल हा. गाठ कॅन्सरची आहे, सगळ्यांना माहीत आहे, फक्त मला सांगायचं नाही असं ठरलं आहे. गजाननला माहीत असणार. नांदुऱ्याच्या डॉक्टरला तर पहिल्या दिवसापासून माहीत, प्रश्नचिन्ह त्याचंच. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. मला मरणाची भीती वाटली, आणि त्याहून जास्त राग आला की तीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलली आणि तेही अशा दिवशी. तिनं कपाळाला अंगारा लावला तेव्हा मी डोळे उघडले नाहीत.

दात दाखवा

शुद्धीवर येताना पहिलं ऐकू आलं ते, "डोळे मिटा. घट्ट. आता दात दाखवा."

मी दाखवले. कोणीतरी म्हणालं, "छान." मी "आरसा" म्हणालो. नर्सनं मोबाईल समोर धरला. डोळे दोन्ही मिटत होते. तोंड दात दाखवताना थोडं कलतं राहत होतं, खालच्या ओठाचा उजवा कोपरा आळशासारखा मागे राहायचा. नस दमली आहे, काही आठवड्यांत येईल, असं सर्जन म्हणाले. ते खरं झालं, पण त्या वेळी मी त्यांच्या प्रत्येक शब्दाखाली हात घालून बघत होतो.

गजानन म्हणाला, "दोन घंटे सांगतले होते दाजी, तीनच्या वर लागले. आमचा तं जीव टांगनीले लागला होता."

झालं. आत काहीतरी बिघडलं होतं आणि ते निस्तरायला वेळ लागला, हे मी लगेच ओळखलं. विचारलं कोणालाच नाही. गळ्याशी एक नळी आणि तिला छोटी बाटली होती, तिच्यात लालसर पाणी जमायचं. नर्स ते मोजून लिहायची. ती कमी लिहिते असा मला संशय होता, म्हणून मी बाटलीला चिकटपट्टी लावून पेनानं रेघा मारल्या. आमचे आकडे जुळले. तिनं रेघा बघितल्या आणि दुसऱ्या दिवसापासून ती मलाच विचारायची, "काका, किती झालं?" इतकी मायेनं विचारायची की मला नंतर ओशाळल्यासारखं झालं.

शेजारच्या खाटेवर देऊळघाटचे एक म्हातारे होते. त्यांची म्हातारी रोज पातळ कढी आणायची. मला चावता येत नव्हतं, पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळायचं. तिनं मला न विचारता वाटी पुढे केली आणि सांगितलं, "डाव्या बाजूनं चमचा लाव, बापू. मान जराशी तिकडं टाक." तोवर एवढी साधी गोष्ट कोणी सांगितली नव्हती. ज्यांना पुढं ही वेळ येईल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. ती कढी मला अमृतासारखी लागली.

सुशीला रात्रंदिवस तिथंच होती. मी तिच्याशी लागेल तेवढंच बोलत होतो. ती विचारायची, "दुखते का?" मी म्हणायचो, "तुले मालूम असनच." तिला वाटायचं ऑपरेशनमुळे चिडचिड आहे.

काढलेल्या गाठीचा मोठा रिपोर्ट आला. साधी गाठ, पूर्ण निघाली, कॅन्सर नाही. गजाननानं व्हरांड्यात पेढे वाटले. मी कागद हातात घेतला आणि नाव, बाजू, वय तपासलं. वय दोन वर्षांनी कमी होतं. म्हणजे रिपोर्ट दुसऱ्याचा! मी असा काही ओरडलो की टाका दुखला. शेवटी निघालं ते असं, की फॉर्म भरताना गजाननानं वय अंदाजानं टाकलं होतं. "दाजी, तुमी दिसताच तेवढे," तो म्हणाला. मला हसताही येईना, कारण हसलं की तोंड कलायचं.

रिपोर्ट खरा होता. एवढं मी मान्य केलं. मग व्हरांड्यात तिनं डोळे कशाला पुसले, हा काटा तसाच राहिला. कॅन्सर नसेल तर दुसरं काहीतरी आहे, एवढंच मी ठरवलं.

कोरडा कापूस

कापसाच्या हंगामाला मी कामावर गेलो. जखम भरली होती, ओठ बराचसा जाग्यावर आला होता. पहिल्या वेच्याचा माल यायला लागला होता आणि पहाटेच्या दवातला कापूस म्हणजे ओल असणारच. एक ओळखीचा शेतकरी गाडी घेऊन आला. मशीन आणायला माणूस निघाला तसा तो म्हणाला, "राहू द्या. भाऊ आले ना आता. लावा भाऊ गालाले."

मी मूठ काढली आणि कानाखाली टेकवली. गार लागला नाही. मी म्हणालो, "कोरडा आहे."

त्यामागून आलेल्या दोन गाड्याही कोरड्या निघाल्या. मला बरं वाटत होतं, माल यंदा चांगला आहे असं मी शेठला म्हणालोसुद्धा. तिसऱ्या दिवशी गंजीत हात घातला तर आत ऊब. ओला कापूस रचला की आतून तापतो आणि पिवळा पडतो. शेठ आले, त्यांनी हात घातला, माझ्याकडे पाहिलं.  दुपारी ओलीचं मशीन माझ्या टेबलावर आणून ठेवलेलं होतं.

मी बाजूला जाऊन ओला रुमाल गालाला लावला. काही नाही. बर्फाचा खडा लावला. काही नाही. काही न लागणं म्हणजे कोरडं, ही तीस वर्षांची सवय, आणि आता तिथं काहीच लागत नव्हतं. डावा गाल लावून पाहिला. त्याला गार कळत होतं, पण किती गार ते तो सांगू शकत नव्हता. कधी त्याला विचारलंच नव्हतं.

मला रडू आलं. गेली ती पत. आणि रडू ओसरल्यावर संताप आला. तीन तास लागले ते याचसाठी. नस चुकून कापली, लपवली, आणि बाईला व्हरांड्यात घेऊन सांगितलं की नवऱ्याला बोलू नका. आता सगळे धागे जुळले. मी दुसऱ्याच दिवशी बुलढाण्याला निघालो. सुशीला म्हणाली, "मी येते." मी म्हणालो, "ये. तुलेही तोंडावर इचारतो."

बोळा

तिला मी बाहेर बाकावर बसवलं आणि आत जाऊन सरळ बोललो. मनात होतं ते सगळं. नस कापली, तीन तास, बायकोला फितवलं. माझा आवाज बाहेर ऐकू जात असणार.

सर्जननी मला पुरतं बोलू दिलं. मग फाईल काढली आणि एक कागद माझ्यापुढे ठेवला. मानेकडून येणारी रेघ, पुढं जाऊन तिला दोन फाटे.

"ही कळवणारी नस," ते म्हणाले. "पुढचा फाटा जबड्याच्या कोपऱ्याकडे जातो. तो गाठीवरच चिकटलेला होता. तो वाचला नाही, तसं मी इथं लिहून ठेवलं आहे. मागचा फाटा कानाच्या पाळीकडे जातो. तो मी सोडवून बाजूला घेतला, म्हणून वेळ लागला. एरवी मी एवढा वेळ घालवला नसता. तुम्हीच म्हणाला होतात, पाळीचं काय करायचं."

"मग काऊन घालवला?"

"तुमच्या मिसेस सकाळी व्हरांड्यात आल्या होत्या. म्हणाल्या, हे शेती सांगतात पण हे गालानं कापूस बघतात, त्यांचं सगळं त्याच्यावर आहे, होईल तेवढं वाचवा. जागाही दाखवली. रडत होत्या."

मी बंद दाराकडे पाहिलं, त्यापलीकडे ती बाकावर बसलेली होती. 

त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. "लागलं की सांगा." कापसाचा बोळा घेऊन ते तपासू लागले. खुर्चीच्या कुरकुरीवरून कळत होतं की ते हलताहेत, पण गालावर काहीच येत नव्हतं. जबड्याशीही नाही. मग कानाच्या पाळीला अगदी हलकं, माशी बसावी तसं काहीतरी टेकलं.

"लागलं," मी म्हणालो.

"अजून?"

"गार आहे," मी म्हणालो. "हा बोळा ओला आहे."

मी डोळे उघडले. डॉक्टर बोळा बोटांत दाबून बघत होते. त्यांनी नुकतेच हात स्पिरिटनं पुसले होते, त्याची ओल. "मला तर कळली नव्हती," ते म्हणाले. "पाळीवर येतंय परत. हळूहळू आणखी येईल. आता तिला ओल ओळखायला शिकवा." मग पेन उघडून विचारलं, "आणखी काही त्रास? जेवताना? झोपेत?"

"काही नाही," तोंडातून सवयीनं निघालं.

मग उठलो, दार उघडलं आणि सुशीलाला आत बोलावलं. ती पिशवी छातीशी धरून आली. तिला वाटलं भांडण वाढलं.

"मले काऊन नाई सांगतलं?" मी विचारलं.

तिनं आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमाले सांगतलं असतं तं तुमी म्हनले असते का माह्या मालाचा भाव पाडला. अन् ऑपरेशनलेच गेले नसते."

ते खरंच होतं. मी उठून निघून गेलो असतो. या बाईशी मी तेव्हापासून धड बोललो नव्हतो, तिच्या हातचं पाणी घेताना तिच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं. मला त्या खुर्चीत बसवेना इतकी लाज वाटली.

मी डॉक्टरांना सांगायला लागलो. जेवायला बसलं की उजव्या गालावर घाम येतो, तो मी उपरण्यानं पुसतो आणि मिरचीचं नाव सांगतो. सदऱ्याची कॉलर घासली की कानामागे झिणझिण्या येतात. चहा कधीकधी अजून ओठातून सांडतो म्हणून मी हॉटेलात जात नाही. कोणी दोघं हळू बोलताना दिसले की मला अजून वाटतं गाठ परत आली आहे. डॉक्टर लिहीत होते. घाम येतो हे पुष्कळांना होतं, त्यावर उपाय आहे, आधी का नाही सांगितलंत, असं ते मध्येच म्हणाले.

आठवेल तेवढं सांगून झालं. मी सुशीलाकडे वळलो आणि म्हणालो, "काई राह्यलं असन तं तू सांग."

तिनं पिशवी खाली ठेवली, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे झोपेत रडतात. यायले मालूम नाई."